इंदूर सोडून छत्तीसगडच्या एकलव्य शाळेत: अर्जापासून पहिल्या पगारापर्यंत

शिक्षक भरतीची परीक्षा कशी द्यायची हे सांगणारे इंदुरात भंवरकुआँ या कोचिंग क्लासच्या भागातल्या प्रत्येक गल्लीत भेटतात. निकालात नाव आल्यावर कोणते कागद कोणत्या क्रमाने जमवायचे, हातात किती पैसे ठेवायचे, ज्या गावाचं नाव नकाशात शोधावं लागतं तिथे पहिले तीन-चार महिने कसे काढायचे, हे सांगणारं मात्र सापडत नाही. मी 2024 मध्ये इंदूरहून उत्तर छत्तीसगडमधल्या एका एकलव्य शाळेत गणिताची शिक्षिका म्हणून रुजू झाले. पुढच्या भरतीत ज्यांचं नाव येईल त्यांना उपयोगी पडेल ते सगळं इथे क्रमाने लिहिते आहे.

आधी शाळेविषयी. एकलव्य आदर्श निवासी विद्यालय ही केंद्राच्या जनजातीय कार्य मंत्रालयाची योजना. ती 1997-98 मध्ये सुरू झाली. नंतर 2018-19 मध्ये असं ठरलं की ज्या ब्लॉकमध्ये, म्हणजे जिल्ह्याच्या विकासखंडात, निम्म्याहून जास्त लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे आणि आदिवासींची संख्या किमान 20,000 आहे, तिथे अशी एक शाळा असावी. सहावी ते बारावी, 480 मुलं, त्यांत निम्म्या मुली, सगळी वसतिगृहात राहणारी. कारभार दिल्लीची ‘नेस्ट्स’ ही सोसायटी पाहते. 2023-24 च्या अर्थसंकल्पात 740 शाळांसाठी तीन वर्षांत 38,800 शिक्षक आणि कर्मचारी घेण्याची घोषणा झाली आणि मोठी भरती निघाली. बरेच जण नवोदय आणि एकलव्य एकच समजतात. नवोदय शिक्षण मंत्रालयाचं आणि साधारण जिल्ह्याला एक. एकलव्य ब्लॉकच्या हिशेबाने, म्हणजे जिल्ह्याच्या गावापासून आणखी आत. हा फरक अर्ज भरतानाच डोक्यात ठेवावा, कारण पुढचं राहणं, दवाखाना, बाजार, मुलांची शाळा, सगळं त्यावर अवलंबून असतं.

जुलै 2023: अर्ज

टीजीटी, म्हणजे सहावी ते दहावीच्या शिक्षकपदासाठी, पदवीला त्या विषयासह किमान 50 टक्के, बी.एड. आणि सीटेट (केंद्राची शिक्षक पात्रता परीक्षा) किंवा राज्याच्या तशाच टीईटीचा दुसरा पेपर लागतो. सीटेटला 150 पैकी 90 गुण म्हणजे खुल्या गटाची पात्रता, आणि ते प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. जुनं सात वर्षांच्या मुदतीचं प्रमाणपत्र कपाटात पडून असेल आणि ते 2011 नंतरचं असेल, तर तेही चालतं. सीटेटच्या भाषांच्या यादीत मराठी आहे. घरात मराठी आणि शाळेत हिंदी अशा आपल्या इंदुरी मुलांना एक भाषा हिंदी आणि दुसरी मराठी घेणं सोपं जातं. टीजीटीच्या अर्जाचं शुल्क 1,500 रुपये होतं. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना माफ.

मध्य प्रदेशातही झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानीकडे एकलव्य शाळा आहेत, मग तिकडेच का नाही, असं घरचे सगळे विचारतात. नोकरी अखिल भारतीय आहे आणि देशात कुठेही नेमणूक होऊ शकते, असं जाहिरातीत स्पष्ट लिहिलेलं असतं. ते वाक्य आईवडिलांना, नवऱ्याला, सासूबाईंना अर्ज भरायच्या आधी वाचून दाखवावं. निकालानंतर घरात होणारी रडारड आणि वाद त्याने निम्म्याने कमी होतात.

नावाची भानगड याच टप्प्यावर मिटवून घ्यावी. मराठी पद्धतीने आपलं नाव तीन पदरी: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. इथल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर पुष्कळदा फक्त नाव आणि आडनाव असतं, आधारवर तिन्ही असतात, पॅनवर वडिलांच्या नावाचं नुसतं इंग्रजी अक्षर असतं, आणि लग्नानंतर बँकेत आडनाव बदललेलं असतं. अर्जात नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणेच भरायचं, अक्षर न अक्षर. मग आधार आणि पॅन त्याच्याशी जुळवून घ्यायचं. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं नोटरीपुढचं प्रतिज्ञापत्र तयार ठेवायचं. नाव पूर्ण बदललं असेल तर राजपत्रातली अधिसूचनाही लागते आणि तिला वेळ लागतो. कागद तपासणाऱ्या टेबलावर सर्वांत जास्त वेळ याच गोष्टीत जातो. ओबीसीच्या उमेदवारांनी आणखी एक पाहावं: आपली जात राज्याच्या यादीत असली म्हणजे केंद्राच्या यादीत असतेच असं नाही, आणि प्रमाणपत्र केंद्राच्याच नमुन्यात लागतं.

डिसेंबर 2023: परीक्षा

त्या वेळी परीक्षा ओएमआरवर, म्हणजे गोल काळे करायच्या उत्तरपत्रिकेवर, तीन तासांची होती. 120 गुणांचा मुख्य भाग: सामान्य ज्ञान, तर्क, संगणक, अध्यापन अभियोग्यता, आणि त्यांतले 80 गुण विषयाचे. शिवाय 30 गुणांची भाषा चाचणी: इंग्रजी, हिंदी आणि एक प्रादेशिक भाषा, प्रत्येकी 10. भाषा चाचणी फक्त पात्रतेपुरती, पण तिच्यात अडकलं की बाकीचा पेपर चांगला जाऊन उपयोग नाही. प्रादेशिक भाषा मराठी घेतली तर व्याकरण एकदा नीट पाहून जावं. घरात बोलतो म्हणून समास आणि प्रयोग येतात असं होत नाही, आणि आपल्यापैकी बहुतेकांची शाळा हिंदीत झालेली असते. विषयाच्या भागात निवासी शाळेतले प्रसंग आणि नव्या शैक्षणिक धोरणावरचे प्रश्नही असतात. मूल रात्री घरी पळून गेलं, तुम्ही काय कराल, अशा धर्तीचे. पुस्तकी वाटणारे हे प्रश्न पुढे खरोखर समोर येतात.

जानेवारी 2024 मध्ये निकाल लागला. निकाल आणि ऑफर लेटर यांच्यामधला काळ मनाला सर्वांत जड जातो. खासगी शाळेची नोकरी सोडावी की नाही, मुलीच्या शाळेत पुढच्या वर्षाची फी भरावी की नाही, काहीच ठरवता येत नाही. या काळात दोन गोष्टी कराव्यात. नोकरी सोडू नये. आणि कागद जमवायला लागावं.

कागद

पदवी मिळून दहा वर्षं झाली तरी मूळ पदवी प्रमाणपत्र विद्यापीठातून उचललेलंच नाही, अशी पुष्कळ माणसं असतात, कारण गुणपत्रिकेवर सगळी कामं भागतात. इथे मूळ पदवी मागतात. देवी अहिल्या विश्वविद्यालयाची असेल तर ऑनलाइन अर्ज करून आर.एन.टी. मार्गावरच्या नालंदा परिसरात पाठपुरावा करावा. बी.एड.च्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, कॉलेज एनसीटीई (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद) मान्यताप्राप्त असल्याचा पुरावा, सीटेट, दहावी-बारावी, मूळ निवासी प्रमाणपत्र, जातीचं असल्यास तेही: प्रत्येकाच्या चार साक्षांकित प्रती आणि एक स्कॅन केलेली फाइल. पासपोर्ट आकाराचे फोटो एकाच दिवशी काढलेले वीस तरी हवेत. वेगवेगळ्या फॉर्मवर वेगवेगळे चेहरे दिसले की टेबलावरचा माणूस थबकतो.

ऑफर लेटर आलं की घड्याळ सुरू होतं. त्यात वेतनश्रेणी, दोन वर्षांची परिवीक्षा, रुजू होण्याची शेवटची तारीख आणि सोबत आणायच्या कागदांची यादी असते. यादीतले तीन कागद वेळखाऊ आहेत.

पहिला, सिव्हिल सर्जनच्या सहीचं वैद्यकीय प्रमाणपत्र. खासगी डॉक्टरचं चालत नाही. नजर, छातीचा एक्स-रे, रक्त, लघवी तपासतात आणि सही करणारा अधिकारी ठरलेल्या दिवशीच बसतो. सकाळी उपाशीपोटी जावं, चष्म्याचा नंबर लिहिलेला कागद जवळ ठेवावा, आणि ऑफर लेटरसोबत आलेला छापील नमुनाच भरून घ्यावा. साध्या लेटरहेडवर लिहून आणलं तर परत पाठवतात.

दुसरा, दोन राजपत्रित अधिकाऱ्यांची चारित्र्य प्रमाणपत्रं. अधिकारी नातेवाईक नको आणि तुम्हाला ओळखणारा हवा. ओळखीच्या सरकारी कॉलेजातले प्राध्यापक हे सर्वांत सोयीचं.

तिसरा, अटेस्टेशन फॉर्म. गेल्या पाच वर्षांत जिथे एक वर्षाहून जास्त राहिलात ते सगळे पत्ते त्यात लिहावे लागतात, पोलीस ठाण्यासह. सुदामा नगरात भाड्याने राहून मग वैशाली नगरात घर घेतलं असेल तर दोन्ही पत्ते. कधी कोणता गुन्हा नोंदला गेला असेल, मिटला असला, समझोता झाला असला, तरी तो लिहायचा. माहिती लपवली तर नोकरी जाऊ शकते, असा इशारा फॉर्मच्या सुरुवातीलाच असतो. या फॉर्मवरून नंतर पोलीस पडताळणी होते, तेव्हा शेजाऱ्यांना सांगून ठेवावं की चौकशीला कोणी आलं तर घाबरू नका.

खासगी शाळेचा राजीनामा ऑफर लेटर हातात आल्यावर द्यावा. नोटीस एक महिन्याची की तीन, ते नेमणूकपत्रात पाहावं. कार्यमुक्तीचं पत्र आणि अनुभव प्रमाणपत्र दोन्ही घ्यावं. पीएफच्या खात्यावर शाळेने बाहेर पडल्याची तारीख टाकली का, ते बघावं. टाकली नसेल तर दोन महिन्यांनी ती आपली आपण पोर्टलवर टाकता येते.

निघण्याआधी मुख्याध्यापकांना फोन

हा फोन टाळू नये. संकोचाने लोक करत नाहीत आणि मग पलंग, गाद्या, फ्रीजसकट ट्रक घेऊन पोचतात. विचारायचं ते असं: शाळा स्वतःच्या इमारतीत आहे की तात्पुरत्या? क्वार्टर रिकामं आहे का, की रूम शेअर करावी लागेल? पाणी बोअरचं की टाकीचं? वीज किती तास जाते? कोणत्या कंपनीचा मोबाइल चालतो? सगळ्यात जवळची बँक, मेडिकल दुकान आणि बसचा थांबा कुठे? मुलं सोबत असतील तर त्यांची शाळा किती लांब? नव्या इमारती ऐसपैस असतात, पण बऱ्याच शाळा इमारत पूर्ण होईपर्यंत दुसऱ्याच एखाद्या सरकारी वसतिगृहात भरतात, आणि तिथे शिक्षकांसाठी क्वार्टर नसतात. मग ब्लॉकच्या गावात खोली भाड्याने घ्यावी लागते. एकट्या बाईला खोली मिळवून देण्यात शाळेतल्या जुन्या शिक्षिका फार मदत करतात. त्यांचा नंबर मुख्याध्यापकांकडूनच मागावा.

इंदूरहून तिकडे जायला नर्मदा एक्स्प्रेस सोयीची: उज्जैन, भोपाळ, इटारसी, जबलपूर, शहडोल, अनूपपूर, पेंड्रारोड करत बिलासपूरला जाते. एक रात्र गाडीतच जाते. आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. पहिल्या नेमणुकीला जाण्याचा खर्च स्वतःचाच असतो, त्याचा प्रवासभत्ता मिळेल असं धरू नये.

सामान कमी न्यावं. पहिल्या खेपेला दोन सुटकेस, एक गादीची वळकटी, मच्छरदाणी, इंडक्शन, एक कुकर, दोन पातेली, टॉर्च, पॉवर बँक, एक्स्टेंशन बोर्ड, कुलपं आणि कपडे. पलंग, टेबल, कूलर जिल्ह्याच्या गावात मिळतो आणि ट्रकच्या भाड्यापेक्षा स्वस्त पडतो. गॅसचं इंदूरचं कनेक्शन लगेच बदलू नये. सुरुवातीला पाच किलोचा छोटा सिलिंडर पुरतो. सियागंजातून गोडा मसाला, भाजणीचं सामान, पोहे, साबुदाणा आणलेलं बरं. तिकडे पोहे मिळतात, पण आपल्याला सवय आहे त्या जाडीचे मिळतीलच असं नाही.

दुचाकी मात्र हवीच. रेल्वे पार्सलने न्यायची तर टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढायचं, हँडल, आरसे आणि दिव्यांना पोतं गुंडाळून घ्यायचं, आरसी, विमा आणि ओळखपत्राच्या प्रती द्यायच्या. गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते अशा छोट्या स्टेशनवर पार्सल उतरवून घेत नाहीत, म्हणून बुकिंग बिलासपूरपर्यंत करून तिथून चालवत आणावी. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त गाडी ठेवायची तर इंदूरच्या आरटीओची एनओसी घेऊन तिथे पुन्हा नोंदणी करावी लागते. नवीच घ्यायची असेल तर बीएच मालिकेचा (राज्य बदललं तरी पुन्हा नोंदणी न लागणारा) क्रमांक मिळतो का, ते विक्रेत्याला आधी विचारावं.

एप्रिल 2024: रुजू होणं आणि पगाराचा हिशेब

रुजू व्हायला सकाळच्या वेळेतच पोचावं. दुपारनंतर रुजू झालं तर तारीख पुढच्या दिवसाची धरली जाऊ शकते. त्या दिवशी जॉइनिंग रिपोर्ट, शपथपत्र, गावाच्या मूळ पत्त्याची घोषणा, वारसांचे फॉर्म, मालमत्तेची माहिती असं बरंच भरावं लागतं. प्रत्येक कागदाची पोच घ्यावी.

टीजीटीची श्रेणी स्तर 7, मूळ वेतन 44,900. जानेवारी 2024 पासून महागाई भत्ता 50 टक्के झाला होता, म्हणजे 22,450. बेरीज 67,350. यातून राष्ट्रीय पेन्शन योजनेचे 10 टक्के, म्हणजे 6,735 कापले जातात. सरकार त्याच बेरजेवर 14 टक्के, 9,429 रुपये, आपल्या खात्यात भरतं. शाळेचं क्वार्टर मिळालं तर घरभाडे भत्ता नाही, आणि आवारातच राहत असाल तर वाहतूक भत्ताही नाही. आकडे पाहून इंदूरमध्ये लगेच घराचा हप्ता सुरू करू नये, कारण पहिला पगार वेळेवर येत नाही.

उशीर का होतो ते समजून घेतलं की चिडचिड कमी होते. सेवापुस्तिका उघडली जाते, प्रान, म्हणजे पेन्शन खात्याचा क्रमांक, निघतो, बँक खातं सरकारी देयक प्रणालीत नोंदलं जातं, आणि महिन्याचं बिल बहुधा महिना संपायच्या आधीच तयार होतं. यातलं एकही काम त्या तारखेनंतर झालं की आपला पगार पुढच्या बिलात जातो. आधारवरचं नाव आणि बँकेतलं नाव यांत एका अक्षराचा फरक असला तरी नोंदणी परत येते. तीन महिन्यांचा खर्च हाताशी ठेवूनच निघावं. इंदूरच्या घरचा खर्चही त्यातच धरावा. थकबाकी नंतर एकदम मिळते.

आवारातलं आयुष्य

ही नोकरी सहा तासांची नाही, आणि ज्यांना ते मान्य नाही त्यांनी येऊ नये असं मला मनापासून वाटतं. सकाळी मुलांचा व्यायाम, प्रार्थना, तास, दुपारी खेळ, संध्याकाळी अभ्यासिका, रात्री हजेरी. पाळीपाळीने हाउस ड्युटी लागते. मेसची चव पाहण्याची पाळी असते, आजारी मुलाला आरोग्य केंद्रात नेण्याची पाळी असते. मुलांवर हात उगारायला शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे, आणि लैंगिक अत्याचाराची शंका जरी आली तरी मुलांच्या संरक्षणाच्या पॉक्सो कायद्याखाली ती कळवणं बंधनकारक आहे. ‘आधी आपसात बोलू’ असं कोणी सांगितलं तरी ऐकायचं नाही. हे दोन्ही नियम रुजू होण्याआधी नीट वाचून घ्यावेत.

सहावीला येणारी मुलं निवड परीक्षा देऊन आलेली असतात, तरी वर्गात पहिले काही आठवडे शांतता असते. ती न कळल्याची शांतता नाही, भाषेची आहे. घरी छत्तीसगडी, काहींच्या घरी गोंडी किंवा सादरी, आणि पुस्तकात एकदम इंग्रजी किंवा संस्कृतप्रचुर हिंदी. ‘समझ गेस?’ असं विचारलं की मान हलते. ‘मोला नइ आवय’ (मला येत नाही) हे वाक्य मूल आपल्यापाशी मोकळेपणाने बोलायला लागलं की शिकवणं खरं सुरू होतं. मेसमधल्या मावशी आणि चौकीदार दादा यांच्याशी रोज दहा मिनिटं बोलावं, भाषा तिथूनच येते.

गणितात पुस्तकातली उदाहरणं बाजूला ठेवून मुलांच्या घरातली घेतली की फरक त्याच तासाला दिसतो. उन्हाळ्यात घरोघरी तेंदूपत्ता, म्हणजे विडीची पानं, तोडतात. 50 पानांची एक गड्डी, 1,000 गड्ड्यांचा एक मानक बोरा, आणि 2024 पासून छत्तीसगडमध्ये त्याचा दर 5,500 रुपये. फळ्यावर एवढंच लिहून विचारलं, एका गड्डीचे किती? पुस्तकातल्या दशांशापुढे गप्प बसणारी मागच्या बाकावरची मुलगी वहीत न लिहिताच म्हणाली, “साढ़े पाँच रुपिया, मैडम.” मग एका पानाचे? त्याला थोडा वेळ लागला, पण 11 पैसे हे उत्तरही तिनेच काढलं. 5.50 आणि 0.11 मधला दशांश बिंदू कशाला असतो, हे त्या वर्गाला वेगळं सांगावं लागलं नाही. धानाची मापंही अशीच कामाला येतात: पैली, काठा, आणि वीस काठ्यांची एक खंडी. पायली-खंडी आपल्या आजीच्या तोंडी असायची, पण ती मापं तिकडे वेगळी आहेत, म्हणून मुलांकडूनच मोजून घ्यावीत.

मोहफुलांच्या दिवसांत, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, आणि पुढे तेंदूपत्त्याच्या हंगामात सुटीवर गेलेली मुलं उशिरा परततात. घरात कमाईचे हे मोजकेच आठवडे असतात. नोटिसा पाठवून काही होत नाही. पालक रविवारी भेटायला येतात तेव्हा परतीची तारीख ठरवून घ्यावी, आणि त्या आठवड्यांत नवा धडा सुरू न करता उजळणी ठेवावी.

तब्येत: आपली आणि मुलांची

पावसाळ्यात मच्छरदाणी फक्त डासांसाठी नसते. मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते. दंश इतका बारीक असतो की पुष्कळदा कळत नाही. पोट दुखणं, पापण्या जड होणं, बोलायला त्रास अशी लक्षणं पहाटे दिसू लागतात. म्हणून पलंगावरच झोपायचं, मच्छरदाणी गादीखाली चारही बाजूंनी खोचायची, अंधारात पाय ठेवण्याआधी टॉर्च लावायची. वसतिगृहात ही सवय मुलांनाही लावायची. झाडफूक करणाऱ्याकडे वेळ न घालवता सरळ दवाखाना. सर्पदंशावरचं प्रतिविष जवळच्या कोणत्या आरोग्य केंद्रात आहे, हे रुजू झाल्याच्या आठवड्यातच विचारून ठेवावं आणि रुग्णवाहिकेचा 108 क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावा.

दुसरी गोष्ट सिकलसेल. मध्य भारतातल्या आदिवासी भागात हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम 1 जुलै 2023 ला शहडोलमध्ये सुरू झाली आणि 2047 पर्यंतचं लक्ष्य ठेवलं आहे. शिक्षकाला यातलं औषधपाणी करायचं नसतं, पण कोणत्या मुलाला हा आजार आहे ते वर्गशिक्षकाला माहीत हवं. अशा मुलाला पाणी कमी पडलं, थंडी वाजली किंवा फार दमणूक झाली की हातापायांत, पोटात असह्य कळा येतात. पी.टी.ला नाही म्हणणारं मूल आळशी नसू शकतं. त्याच्याजवळ पाण्याची बाटली कायम असू द्यावी, थंडीत सकाळच्या रांगेत उभं करू नये, ताप आला तर सकाळ होण्याची वाट पाहू नये.

बोअरच्या पाण्यात लोह जास्त असेल तर बादलीला तांबूस थर बसतो आणि साधा फिल्टर महिन्याभरात बुजतो. आधी जाड फिल्टर बसवावा, त्यामागे पिण्याचा.

आठवडी बाजार ठरलेल्या वारी भरतो. मुनग्याच्या (शेवग्याच्या) शेंगा, लाल भाजी, कोदो, रानातली अळिंबी, सगळं ताजं मिळतं. रोख सुटे पैसे न्यावेत. नेटवर्क गेलं की मोबाइलवरून पैसे देता येत नाहीत. दूध पाकिटाचं रोज मिळेल असं नाही, दूध पावडर घरात असू द्यावी.

एकटेपणा येतो, तो गणपतीत सर्वांत जास्त. इंदुरात घरोघरी आरत्या चालू असतात आणि आपण अभ्यासिकेत हजेरी घेत असतो. सुटीचं वेळापत्रक वर्षाच्या सुरुवातीला मिळतं, ते हातात आलं की दसरा, दिवाळी आणि उन्हाळ्याची तिकिटं 60 दिवस मोजून काढावीत. बाकी सण तिथल्यांबरोबर करावेत. श्रावण सरता सरता पोळा तिथेही असतो, पोरा म्हणतात. मुलं मातीचे बैल चाकांवर ओढत आवारभर फिरतात. पौषी पौर्णिमेला छेरछेरा असतो, तेव्हा मुलं दारोदार धान मागत जातात. क्वार्टरच्या दारात त्या दिवशी सूपभर तांदूळ ठेवावा.

बदलीबद्दल लोक पहिल्या महिन्यापासून विचारू लागतात. परिवीक्षेची दोन वर्षं निदान मन तिकडे लावून राहायचं असं ठरवूनच यावं. अर्धं सामान बांधून ठेवलेला शिक्षक मुलांना चटकन ओळखू येतो, आणि ती त्याला काही विचारेनाशी होतात.

पहिल्या उन्हाळी सुटीवर निघण्याआधी कार्यालयात अर्धा दिवस बसावं. सेवापुस्तिकेत जन्मतारीख, रुजू होण्याची तारीख, शिक्षण आणि नावाचं स्पेलिंग स्वतःच्या डोळ्यांनी तपासावं आणि तिची प्रत मागून घ्यावी. प्रानच्या खात्यात दरमहा दोन्ही वाटे जमा होतात का, ते ऑनलाइन पाहावं. पोलीस पडताळणीचा अहवाल आला का ते विचारावं. आला नसेल तर इंदूरला गेल्यावर आपल्या पोलीस ठाण्यात जाऊन तो कुठे अडलाय ते पाहावं. क्वार्टरचं पाणी आणि वीज बंद करून चावी मुख्याध्यापकांकडे द्यावी, आणि परतीचं तिकीट शाळा उघडण्याच्या आदल्या दिवसाचं नव्हे, दोन दिवस आधीचं काढावं.